जगण्याचं कपाट

दुकानात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हमखास चुकीच्या माणसाशी बोलायचं. काउंटरवर मालकीणबाई बसायच्या आणि त्यांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या विणकामातून मान वर न करता सुईने मागची भिंत दाखवायच्या. तिथे एका उंच कपाटासमोर स्टुलावर त्रेचाळीस वर्षांचा एक माणूस बसलेला असायचा. केस विरळ, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि चेहरा असा की आपणच त्याची झोपमोड केली आहे असं वाटावं. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणायचे. हे नाव समोरच्या किल्लीवाल्याने ठेवलं होतं. वैद्य जसा नाडी बघितल्याशिवाय पुडी देत नाही, तसा हा समोरचा माणूस पारखल्याशिवाय गेम द्यायचा नाही, म्हणून. पुढे ते नाव इतकं चिकटलं की टपाल देणारासुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागला.

अख्ख्या दुकानात तेवढं एक कपाट त्याचं होतं. शर्यतीच्या गाड्या, फुटबॉल, बंदुका यांच्या मांडण्यांना तो हातही लावायचा नाही. या कपाटात फक्त तग धरून राहायचे गेम. कंपन्या त्यांना सर्व्हायव्हल म्हणतात. वैद्यबुवाने कपाटाच्या दारावर खडूने ‘जगण्याचं कपाट’ असं लिहून टाकलं होतं आणि मालकीणबाईंनी ते दोनदा पुसून तिसऱ्यांदा नाद सोडला होता.

या गेमची सुरुवात बहुतेक सारखीच. तुम्ही एका बेटावर, नाहीतर जंगलात, नाहीतर बर्फात एकटे पडलेले. हात रिकामे, पोट रिकामं. फांदी तोडायची, दगड उचलायचा, दोन्ही बांधून कुऱ्हाड करायची. कुऱ्हाडीने झाड पाडायचं, झाडाची झोपडी करायची, शेकोटी पेटवायची, काहीतरी शोधून खायचं. नाही खाल्लं की मरायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. बघणाऱ्याला वाटतं, एक घेतला काय आणि दुसरा घेतला काय, फरक काय पडतो! वैद्यबुवासमोर कोणी असं म्हटलं की त्याचं पित्त खवळायचं.

"भूक सगळ्यांना सारखीच लागते हो," तो म्हणायचा. "पण कशासाठी तगून राहायचं, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. ते कळल्याशिवाय मी तुम्हाला काय देऊ? डोंबल?"

आणि ते कळून घ्यायची त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला काय आवडतं’ हे तो कधीच विचारायचा नाही. माणसं खोटं बोलतात, असं त्याचं ठाम मत होतं. मुद्दाम नाही, पण चारचौघांत जे बरं दिसतं ते सांगतात. म्हणून तो माणसाला दुकानातल्या टीव्हीसमोर बसवायचा, एक साधासा गेम लावून द्यायचा आणि स्वतः मागे स्टूल टाकून तासभर गप्प बघत राहायचा. पहिल्या तासात हात काय करतात, ते त्याला पुरायचं. मग तो त्या गिऱ्हाइकाच्या नावाचं एक कार्ड करून ठेवायचा. एकदा एक दांडगा सुरक्षारक्षक आला. छाती काढून म्हणाला, मला मारामारीचं द्या. वैद्यबुवाने त्याला बसवलं. गड्याने समोरून लांडगा येताना दिसला तेव्हा झुडपात दडी मारली आणि उरलेला वेळ एका लंगड्या कोकराला कुंपण घालण्यात घालवला. वैद्यबुवाने त्याच्या कार्डावर ‘सांभाळणारा’ असं लिहिलं आणि शेतीभातीचा, शेरडाकरडांचा गेम हातात ठेवला. रक्षक रागारागाने गेला. महिन्याभराने लाजत लाजत त्याचा पुढचा भाग मागायला आला.

अशी कितीतरी कार्डं होती. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना गेममध्ये तगून राहण्यात काडीचा रस नव्हता, पण जमवलेल्या दगड-लाकडांच्या पेट्या लावून ठेवण्यात स्वर्ग होता. दिवसभर रुग्ण बघून आलेली एक नर्स होती, तिला ज्यात काहीही मरत नाही असा गेम हवा होता, आणि तो शोधताना वैद्यबुवाच्या नाकी नऊ आले होते. पण शोधला त्याने. किल्लीवाला त्याला चिडवायचा, "लोकांच्या एवढ्या जोड्या जुळवतोस, तुझीच तेवढी राहिली की रे." वैद्यबुवा म्हणायचा, "मला कोणी तासभर खेळताना बघितलंच नाही ना." दोघं हसायचे. लग्नाचं खरंच राहून गेलं होतं, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

वाईट वाटायला घर पुरेसं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट, टीव्ही आणि एक खुर्ची. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि वैद्यबुवाची गादी. बाबा पाण्याच्या पंपावर छत्तीस वर्षं फिटर होते. तिन्ही पाळ्या केलेला माणूस. निवृत्तीनंतरही त्यांना कधी सकाळी सहानंतर झोपलेलं कोणी बघितलं नव्हतं. शेजारच्यांचे नळ दुरुस्त करायचे, आईशी कुरकुर करायची, तिच्याबरोबर बाजारात जाऊन पिशवी धरायची, असं त्यांचं छान चाललं होतं. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. बाबा रडले नाहीत, ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत म्हणा ना. उठायचे, पण कोणीतरी उठवल्यावर. जेवायचे, पण चार घास. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरायला लागली.

वैद्यबुवा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, पोट दाबून बघितलं. मग बाबांना बाहेर बसवून म्हणाले, "शरीरात काही दोष नाही. इच्छाच राहिलेली नाही."

"कशाची? जेवणाची?"

"कशाचीच. ही गोळी देऊन बघू, पण नुसत्या गोळीने भागत नाही. सकाळी उठून करावीशी वाटेल अशी एक तरी गोष्ट हवी त्यांना. मग ती कितीही फालतू असू दे. नाहीतर तीन-चार महिन्यांत अंथरूण धरतील, आणि या वयात धरलं की सुटत नाही."

बसचा नंबर न बघता, नको त्या बसमध्ये बसून, वैद्यबुवा बाबांना घेऊन घरी आला. पण त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. कशासाठी तगून राहायचं ते शोधून काढणं, हा तर त्याचा धंदाच होता! वीस वर्षं तो परक्यांसाठी हेच करत आला होता. घरच्या माणसासाठी नाही का जमणार? दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातलं गेमचं एक जुनं मशीन घरी आणलं आणि बाबांच्या टीव्हीला जोडलं.

पहिला गेम त्याने निवडला तो पंप आणि पाइपांचा. वाळवंटात पाणी शोधायचं, नळ टाकायचे, दाब सांभाळायचा. फिटरला दुसरं काय द्यायचं? बाबांनी कंट्रोलर हातात धरला, त्याला ते शेवटपर्यंत रिमोटच म्हणत राहिले, आणि दहा मिनिटांत त्यांची नजर टीव्हीवरून खिडकीकडे गेली. दुसरा समुद्रातल्या तराफ्याचा. त्यात बाबा बुडाले, पुन्हा बुडाले, आणि तिसऱ्यांदा बुडताना ‘चालू दे’ म्हणाले. तिसरा, चौथा, पाचवा. वैद्यबुवाने जिवाचं रान केलं. दुकानात तो गिऱ्हाइकांवर खेकसायला लागला. कपाटातले तळाचे, वर्षानुवर्षं कोणी न मागितलेले गेम धुळीतून बाहेर आले.

"अरे, त्यांनाच विचार ना काय हवंय ते," किल्लीवाला एकदा चहा पिताना म्हणाला.

"विचारायचं नसतं. बघायचं असतं."

"वडील आहेत तुझे. गिऱ्हाईक नव्हेत."

"म्हणून तर नीट बघतोय," वैद्यबुवा म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

सातवा गेम लागू पडला. थंड प्रदेश, पाईनची झाडं, एक पडकी झोपडी आणि दारात दोन बकऱ्या. त्या संध्याकाळी वैद्यबुवा नेहमीसारखा मागे स्टूल टाकून बसला होता. बाबांनी झाड तोडलं. मग दुसरं तोडलं. मग ओंडके एकावर एक रचून ठेवले, वाकडा पडलेला पुन्हा उचलून सरळ लावला. मग पाला गोळा करून बकरीसमोर टाकला, आणि बकरी खायला लागली तेव्हा त्यांनी मान मागे वळवून मुलाकडे बघितलं. वैद्यबुवाला हसू फुटलं. पहिल्या तासात बोलायचं नसतं. पण आत जाऊन त्याने कोरं कार्ड काढलं आणि त्यावर ‘सांभाळणारा’ असं लिहिलं.

त्यानंतरचे दोन महिने त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. संध्याकाळी सातला तो घरी यायचा तेव्हा बाबा शर्ट घालून, भांग पाडून, टीव्हीसमोर बसलेले असायचे. कुऱ्हाडीचा ठक ठक आवाज जिन्यापर्यंत यायचा. "आलास? हे बघ, गोठ्यावर छप्पर घातलं," बाबा सांगायचे. मग वैद्यबुवा मागे बसून बघायचा, आणि खेळता खेळता बाबा त्याच्या हातून वाटीभर सूप आणि पावाचे दोन तुकडे खायचे. सकाळी तो दुपारचा डबा भरून ठेवायचा, तो संध्याकाळी धुऊन ओट्यावर पालथा घातलेला असायचा. परगावी असलेल्या ताईचा रोज रात्रीच्या जेवणाआधी फोन यायचा, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज बाबांनी काय बांधलं?" वैद्यबुवा तिला गोठ्याची, कुंपणाची, धान्याच्या कोठीची हकीकत सांगायचा. ताई फोनवरच हुंदके द्यायची. "तू नसतास तर काय झालं असतं रे," ती म्हणायची, आणि त्याला ते खरं वाटायचं.

वजन मात्र वाढत नव्हतं. वैद्यबुवाने मनाची समजूत घातली की म्हाताऱ्या माणसाचं वजन सावकाश वाढतं.

मग एक दिवस गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. दुकानात अंधार झाला. मालकीणबाईंनी विणकाम गुंडाळलं आणि चारलाच शटर ओढलं. पावणेपाचला वैद्यबुवा घरी पोचला. जिन्यात कुऱ्हाडीचा आवाज नव्हता. त्याने हलकेच कुलूप उघडलं. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. झोपलेत, त्यांना कशाला उठवा, म्हणून त्याने चपला हातात घेतल्या आणि पावलं न वाजवता स्वयंपाकाच्या खोलीतून मागच्या गॅलरीत जाऊन बसला. ती गॅलरी मजल्यावरच्या सगळ्या घरांना मिळून एकच होती, जिन्यापर्यंत जाणारी. दार त्याने अर्धं लोटून घेतलं. जाताना ओट्यावर डबा दिसला होता. भरलेला होता, झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. आज उशीर झाला असेल जेवायला, असं त्याला वाटलं.

सव्वासहाला बाबांच्या मोबाइलचा गजर वाजला.

बाबा लगेच उठले नाहीत. आधी कोपरावर आले, तिथे थांबले. मग बसते झाले, पुन्हा थांबले. मग कॉटच्या कडेला धरून उभे राहिले. भिंतीला हात लावत ते आत आले. त्यांनी डबा उघडला, सगळं जेवण एका जुन्या वर्तमानपत्रात ओतलं, त्याची नीट पुडी बांधली आणि केराच्या बादलीत सालपटांच्या खाली दाबली. डबा धुतला, पालथा घातला. चेहऱ्यावर पाणी मारलं. बाहेरच्या खोलीत जाऊन शर्ट घातला, बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला. भांग पाडला. छत्तीस वर्षं पाळीवर जाणाऱ्या माणसाने जशी तयारी केली असेल तशी सगळी तयारी करून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

वैद्यबुवा दाराच्या फटीतून बघत होता. बाबा टीव्हीकडे बघतही नव्हते. अंगठा दाबून धरला होता, झाडं पडत होती, नजर घड्याळावर होती. मधेच थांबून ते मनगट चोळायचे, डोळे मिटायचे, आणि पुन्हा दाबायचे. बकऱ्या समोर ओरडत होत्या, त्यांच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मुलगा येईपर्यंत दाखवण्याजोगं काहीतरी जमायला हवं होतं, एवढीच घाई.

वीस वर्षांत हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मागे कोणी स्टूल टाकून बसलं की पुढचा माणूस त्याच्यासाठी खेळतो, ही एवढी साधी गोष्ट! परक्यांना त्याची पर्वा नसायची, म्हणून त्यांचं खरं दिसायचं. बापाला पर्वा होती. वैद्यबुवाला रडू आलं आणि ते त्याने तोंडावर हात दाबून आतल्या आत गिळलं. सातला पाच मिनिटं असताना तो चपला हातात घेऊन गॅलरीतून जिन्यापर्यंत गेला, तिथे त्या पायात घातल्या, आणि पुढच्या दाराशी येऊन किल्ली मुद्दाम वाजवत कुलूप उघडलं.

"आलास?" बाबा म्हणाले. "हे बघ, आज सरपणाची खोली भरली."

"वा," वैद्यबुवा म्हणाला. "मस्तच की."

आठ दिवस दोघं असेच वागले. त्याला आता सगळं दिसत होतं आणि दिसतंय म्हणून आणखी त्रास होत होता. प्रत्येक झाड पाडल्यावर बाबा मागे वळून बघायचे. त्याने मान हलवली की पुढचं पाडायचे. नवव्या दिवशी बाबांच्या हातून कंट्रोलर खाली पडला आणि तो उचलायला ते वाकले, तर त्यांना वर येता येईना. वैद्यबुवाने त्यांना काखेत धरून खुर्चीत बसवलं. मग स्टूल ओढून तो पहिल्यांदाच त्यांच्या समोर बसला, टीव्हीकडे पाठ करून.

"बाबा, तुम्हाला काय हवंय?"

"आता कोंबड्यांसाठी एक खुराडं..."

"गेममध्ये नाही. एरवी."

बाबांनी टीव्हीवरची नजर त्याच्याकडे वळवली. "कधी कळलं तुला?"

"मागच्या आठवड्यात. दुकानाची वीज गेली होती. लवकर आलो होतो."

"म्हणजे डबापण बघितलास." चोरी पकडली गेल्यासारखे ते ओशाळले. "अन्न टाकायला जिवावर यायचं रे. पण जात नाही खाली."

"काय हवंय ते सांगा. मी शोधून आणतो. काहीही असू दे."

"हेच तर तुला कळत नाही. तुला वाटतं शोधलं की सापडेल. तिथे काही नाहीच आहे, बाळा. दुखत नाही, राग नाही, कोणाबद्दल तक्रार नाही. आधी तुझी आई नाही म्हणून वाईट वाटायचं. आता तेही वाटत नाही. नुसतं पडून राहावंसं वाटतं."

"मग हे दोन महिने?"

"त्या दिवशी बकरीला पाला घातला तेव्हा तुझा चेहरा बघितला. किती दिवसांनी हसलास. म्हटलं, एवढ्याने होतंय तर होऊ दे. पाळी लागली असं समजून करायचो. पण आता हात चालत नाहीत."

"माझ्यासाठी तरी करा ना, बाबा. थोडे दिवस."

"तुझ्यासाठीच तर करत होतो," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता दमलो. हे बंद कर. तो गजर काढून टाक. सकाळी उठवू नकोस, आणि जेवलात का म्हणून विचारू नकोस. एवढं देशील?"

बाबांनी आजवर मुलाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. ही त्यांची पहिली मागणी होती, आणि वैद्यबुवाला ती पुरी करायची नव्हती. तो भांडला. रडणार नाही म्हणता म्हणता रडला. दुसऱ्या दिवशी बाबांना उचलून टॅक्सीत घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. आणखी एका, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही गोडीगुलाबीने तासभर बोलून बघितलं. बाबांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. गोळ्या वेळच्या वेळी, हूं की चूं न करता घेतल्या. आणि ज्या आज्ञाधारकपणे ते हात पुढे करून गोळी घ्यायचे, तो बघून वैद्यबुवाला सहाव्या दिवशी कळून चुकलं की हीसुद्धा पाळीच चालली आहे. गोळी गिळून झाली की बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, बरं वाटलं ना तुला, असं विचारल्यासारखे. गोळ्या त्याने चालूच ठेवल्या, कारण न देण्याची त्याची छाती नव्हती. पण त्या रविवारी त्याने टीव्हीमागची वायर काढली, मशीन पिशवीत घातलं आणि मोबाइलमधला गजर पुसून टाकला.

"झालं?" बाबांनी कॉटवरून विचारलं.

"झालं."

बाबांनी कूस बदलली आणि पाय लांब केले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आपण आजवर लोकांना दिलेल्या एकाही गेमने कोणाला इतकं बरं वाटलेलं नाही, असं वैद्यबुवाला वाटलं. तो कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

आठवडाभरात बाबांनी अंथरूण धरलं. पुढच्या सोमवारी कपाटासमोर एक बाई येऊन उभी राहिली, मुलगी हल्ली कशातच लक्ष घालत नाही, तिला काय देऊ म्हणाली. वैद्यबुवाने स्टूल पुढे ओढलं नाही, टीव्हीही लावला नाही. "तिला एकटीलाच पाठवा," तो म्हणाला, "तुम्ही बरोबर येऊ नका. तुम्ही मागे असलात की ती तुमच्यासाठी खेळेल." बाई चमत्कारिक नजरेने बघत निघून गेली आणि परत आली नाही.

त्या संध्याकाळी जेवणाआधी ताईचा फोन आला. वैद्यबुवाने दोन आठवडे तिला बाबा झोपलेत, बाबा न्हाताहेत असं सांगून टाळलं होतं. तिची रजा पुढच्या महिन्याशिवाय नव्हती.

"आज काय बांधलं बाबांनी?" तिने विचारलं.

वैद्यबुवाने कॉटकडे बघितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटूही नये, इतके बारीक झाले होते. त्याच्या तोंडात खरं काय ते आलं होतं. पण पलीकडे ताईचा श्वास ऐकू येत होता, ती वाट बघत होती.

"खुराडं," तो म्हणाला. "कोंबड्यांचं. फळ्या कमी पडल्या, म्हणून उद्या परत झाडं तोडणार आहेत म्हणे."

ताई हसली. खूप वेळ हसली. जेवले का, तिने विचारलं, आणि हो, दोन पाव खाल्ले, असं त्याने सांगितलं. त्याने फोन ठेवला.

"बरं केलंस," बाबा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "तिला कशाला उगीच ताप."

वैद्यबुवा आत गेला. ओट्यावरून त्याने दोन वाट्या उचलल्या, त्यातली एक परत ठेवली, आणि दुसरीत सूप घेऊन तो उभ्यानेच जेवला.